सूप आणि एक इंग्रजी क्रियापद

चौतीस वर्षं मी इंग्रजी शिकवलं, त्यातली बरीचशी सौंदडच्या आसपासच्या एका शाळेत. वह्या तपासताना पानाच्या तळाशी मी सर्वांत जास्त वेळा काय लिहिलं असेल, तर ‘ट्राय अगेन’. पुन्हा प्रयत्न कर. घाईत लिहिलेले दोन शब्द, खाली रेघ, रेघेखाली सही. त्यातल्या पहिल्या शब्दाचा अर्थ आपल्याला कळतो, याबद्दल मला कधी शंका आली नव्हती. ती आली अनुसयाबाईंमुळे, आणि अनुसयाबाईंना तर इंग्रजीचं एक अक्षर ठाऊक नाही.

सौंदडहून दोन कोसांवर त्यांचं गाव. दोन एकर धानाची शेती, घरात मुलगा देवानंद, सून दुर्गेश्वरी आणि नात मंजू. देवानंद माझा विद्यार्थी. दहावीला इंग्रजीत दोनदा गेला, तिसऱ्या खेपेला पस्तीस गुण घेऊन सुटला. आता पंचेचाळिशीचा झालाय, पण मी रस्त्यात दिसले की अजून मोटरसायकल बंद करून, खाली उतरून उभा राहतो.

अनुसयाबाई माझ्याच वयाच्या, पासष्टीच्या पुढच्या. बेताची उंची, काटक अंग, एक हात कमरेवर ठेवून चालायची सवय. कुठेही बसण्याआधी जमिनीवरून तळवा फिरवून पाहतात. गावात त्यांना मान आहे तो त्यांच्या सुपामुळे. मृग लागायच्या आधी, पऱ्हे, म्हणजे पुढे उपटून शेतात रोवायची रोपं, टाकायची वेळ आली की लोक आपापलं बी घेऊन त्यांच्या ओसरीवर येतात. अनुसयाबाई ओंजळभर बी सुपात घेतात, तीनदा उडवतात, एक फुंकर मारतात आणि काठाकडे काय सरकलं, तळाशी काय राहिलं ते पाहतात. मग निकाल देतात. निकाल दोनच. एक, “पेर.” दुसरा, “खाऊन टाक.” म्हणजे हे धान पोटात घालायच्या लायकीचं आहे, जमिनीत घालायच्या नाही. “खाऊन टाक” ऐकून लोक खट्टू होतात, पण कोणी वाद घालत नाही. गेल्या मृगात एक जण म्हणाला होता, “अवो काकू, पुन्हा एकदा उडवून पाहा ना.” त्यावर त्या म्हणाल्या, “सूप तेच आहे, बी तेच आहे, मीही तेच आहो. दुसरं काय निघन?”

स्वतःच्या घरी मात्र त्या एकाच धानाला जपत. त्याला त्या ‘मायघरचा धान’ म्हणतात. दाणा बुटका, टरफलाच्या टोकावर काळा ठिपका, आणि भात शिजला की शेजारच्या घरापर्यंत वास. सतराव्या वर्षी लग्न होऊन आल्या तेव्हा आईने पाच पायली बी पांढऱ्या कापडात बांधून त्यांच्या ओटीत घातलं होतं. आईला तिच्या आईने दिलेलं. त्यांच्या माहेरी रीतच तशी, बी लेकीबरोबर जातं. अनुसयाबाईंना लेक झाली नाही, एकटा देवानंदच. तेव्हा ते बी नातीची वाट पाहत थांबलं. अठ्ठेचाळीस वर्षं त्या शेताच्या कोपऱ्यातल्या एकाच बांधीत, बांध घातलेल्या तुकड्यात, ते लावत आल्या.

त्या बांधीचे नियम कडक. कापणी स्वतःच्या विळ्याने. मळणी वेगळ्या खळ्यावर, पेंढ्या फळीवर झोडपून. खळ्यात पाय टाकण्याआधी प्रत्येकाने पाय धुवायचे, बायांनी पदर झटकायचा, पुरुषांनी खिसे उलटे करून दाखवायचे. पोती आतली बाजू बाहेर काढून आपटायची. दुसऱ्या धानाचा एक दाणाही आत येता कामा नये. मी पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा लांबूनच हाक आली, “मास्तरीनबाई, पदर झटका!” मला वाटलं, अंगावर विंचू चढला. मी किंचाळत उडी मारली. अनुसयाबाई ती गोष्ट अजून सांगतात आणि दर वेळी माझी उडी थोडी आणखी उंच होते.

परवाच्या वर्षी, दिवाळीनंतर, त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदू. गोंदियाला चार दिवस राहून आल्या आणि डॉक्टरांनी महिना-दीड महिना धूळ, धूर, वाकणं सगळं बंद केलं. इकडे कोपऱ्यातली बांधी पिकून वाकली होती. शेजारी सुखरामच्या शेतात हार्वेस्टर चालू होतं. देवानंदने विचार केला, माय नाही तर त्या बांधीचा कोण विळा धरणार? दाणे गळण्यापेक्षा मशीनने उरकून टाकू, मायलाही घोर नको. त्याने पोती धुतली, उलटी करून आपटली, खिसेसुद्धा झटकले. मग सुखरामच्या शेतातलं हार्वेस्टर धुरा, म्हणजे मधला बांध, ओलांडून सरळ कोपऱ्याच्या बांधीत आलं, आणि अर्ध्या तासात बांधी रिकामी झाली.

मशीनचा पदर झटकायचा मात्र कोणाला सुचलं नाही.

मंजूचं लग्न ठरलं ते जानेवारीत. मुलगा बिरसीकडचा, चंद्रकुमार, शेती करणारा. लग्न अक्षय्य तृतीयेनंतर. फेब्रुवारीतल्या एका दुपारी मंजूने मला साड्या पाहायला बोलावलं होतं. ओसरीवर साड्या मांडलेल्या, आणि पलीकडे अनुसयाबाईंनी मायघरच्या धानाच्या तीन पोत्यांतलं एक सोडलं, नातीच्या ओटीचं बी काढायला. पहिलं सूप उडवलं आणि हात थांबले. त्यांनी बोटांनी दोन दाणे उचलले आणि माझ्या तळहातावर ठेवले.

“पाहा बाई. हा आपला. बुटका, शेंड्यावर कारा ठिपका. आन् हा पाहा, लंबा, उघडा-बोडका. हा आपला नाही.” मग आवाज न चढवता त्यांनी हाक मारली, “देवा, कोपऱ्याची बांधी कोनं कापली?”

देवानंद बैलांना वैरण घालत होता. तिथूनच म्हणाला, “मशीननं, माय. तुह्या डोऱ्याचं ऑपरेशन होतं ना.”

“मशीन कोठून आली होती?”

“सुखरामकाकाच्या बांधीतून.”

“पोट झाडलं होतं काय तिचं?”

देवानंद वैरण हातात धरून तसाच उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर मला त्याची दहावीची निकालपत्रिका दिसली.

दुर्गेश्वरीने हळूच विचारलं, “आई, मंजूले देता येईन ना?”

अनुसयाबाईंनी पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळातला धान वर काढला. नव्या डोळ्यांनी बराच वेळ पाहिला. मग सुपातलं सगळं पोत्यात परत ओतलं आणि म्हणाल्या, “खाऊन टाका.”

उठून आत गेल्या. आम्ही चौघं त्या पोत्याभोवती बसून राहिलो. आधीच्या सालचं बी उरलं नव्हतं, ते सगळं पेरून झालेलं होतं. देवानंदने आजोळी लावायला फोन काढला. “इटियाडोहच्या मामाले ट्राय करून राहिलो,” तो म्हणाला, “लागून नाही राहिला.” संध्याकाळपर्यंत फोन लागला. मामा म्हणाले, आठ वर्षं झाली, कालव्याच्या पाण्यावर आम्ही सगळे बाजारचाच धान लावतो, तो जुना आता कोणाकडे नाही. म्हणजे तो धान आता जिथे कुठे होता, तो या तीन पोत्यांत होता. सुखरामच्या धानात कालवलेला.

दुसऱ्या दिवशी मी एक उपाय घेऊन गेले. मिठाच्या पाण्यात बी टाकायचं, हलकं वर येतं, भारी खाली बसतं, हे मी कुठेतरी वाचलं होतं. अनुसयाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. “त्यानं पोचट वेगळे होते, बाई. परके वेगळे नाही होत.” देवानंदनेही एक उपाय काढला होता. गोंदियाच्या राइस मिलमध्ये म्हणे दाणा निवडायचं मशीन आहे. त्यावर त्या म्हणाल्या, “मशीननं बिघडवलं, आता मशीनच निवडन? टरफल काढून देईन थो. मंजूच्या ओटीत काय तांदूर घालू?”

तोडगा काढला मंजूने. ती बी.ए. झालेली, बोलायला फटकळ, आजीवर गेलेली. सूप घेऊन आजीसमोर बसली आणि म्हणाली, “मले पाच पायली नको. एकच दे. पन निवडून दे.”

“एकेक दाना?”

“एकेक दाना. नवे डोरे कायले बसवले मंग?”

अनुसयाबाई हसल्या. बऱ्याच दिवसांनी हसल्या, असं दुर्गेश्वरी मागून मला म्हणाली. “एक नाही,” त्या म्हणाल्या, “सव्वा. ओटीत सव्वाच जाते.”

लग्नाला अडीच महिने होते.

काम असं चाले. आधी चाळणी. तिच्यात सुखरामच्या लांब दाण्यातला बराचसा वर राहायचा, पण सगळा नाही. मग सूप. सुपाचे दोन हिसके असतात, हे मला तेव्हा कळलं. एक वर उडवायचा, त्याने हलकं उडून जातं. दुसरा आडवा, घोळून घ्यायचा, त्याने सारख्या वजनाचे पण वेगळ्या आकाराचे दाणे वेगवेगळ्या जागी जमतात. आणि शेवटी पितळी ताटात मूठभर धान पसरून काळा ठिपका शोधायचा. ठिपका असलेला उजवीकडे, नसलेला डावीकडे, शंका असलेला मध्ये. मधल्या ढिगाचा निवाडा फक्त अनुसयाबाई करत. मीही रोज दुपारी जाऊ लागले. निवृत्त माणसाला दुपारी दुसरं काय काम? पहिल्या दिवशी माझ्या उजव्या ढिगातून त्यांनी अकरा परके दाणे काढले आणि म्हणाल्या, “तुमी इंग्रजीच शिकवलं थे बरं झालं.”

हात कामात असले की तोंड मोकळं असतं. मंजू गोंदियाच्या दुकानातल्या गोष्टी सांगायची. तिथे ब्लाउज घालून पाहायला ट्रायल रूम आहे आणि दुर्गेश्वरी दाराला कडी नाही म्हणून आत जाईचना. दुर्गेश्वरी म्हणायची, नात्यातल्या कोणाला लग्नाला या म्हटलं आणि तो “ट्राय करतो जी” म्हणाला, की त्याचं पान धरायचं नाही. देवानंद म्हणायचा, पंप चालू होत नसला की मिस्त्री येतो, दोन लाथा मारतो आणि म्हणतो, ट्राय करून पाहिला, आता नवाच घ्या. मी ऐकत होते. शाळेबाहेर हा शब्द कुठे कुठे फिरून आला होता, ते पाहून मजा वाटत होती. कोणाला तो नकार होता, कोणाला सबब, कोणाला नुसती लाथ.

मार्चमधली गोष्ट. निवडलेला धान ठेवायला दुर्गेश्वरीने माळ्यावरची जुनी रद्दी काढली आणि कागदाचे पुडे करायला बसली. त्यात देवानंदची दहावीची वही निघाली. पानावर इंग्रजीत भाषांतर केलेली दहा वाक्यं, त्यांवर एक मोठी तिरपी लाल रेघ, आणि तळाशी माझं अक्षर. मंजूने मोठ्याने वाचलं, “ट्राय अगेन!” पुढचं पान उलटलं. “ट्राय अगेन!” त्याच्या पुढचं. तेच. देवानंद हसत होता, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

“काय लिवलं आहे जी थे?” अनुसयाबाईंनी विचारलं.

“पुन्हा प्रयत्न कर,” मी म्हणाले.

“कायचा?”

“म्हणजे… अभ्यासाचा. वाक्यं पुन्हा लिहायचा.”

त्यांनी ताटातला एक दाणा डावीकडे सारला. “पन कोनतं चुकलं, थे कोठं लिवलं?”

मी वही हातात घेतली. कुठेच लिहिलं नव्हतं. वर्गात सत्तर मुलं, घरी वह्यांचा ढीग. रेघ मारायला एक क्षण लागतो.

देवानंद माझी बाजू घ्यायला धावला. “तसं नाही, माय. मॅडम लय चांगल्या शिकवत. मी बी ट्राय करतच होतो. फक्त समजत नव्हतं का दहाही चुकले का एकच चुकलं. म्हून मी दर बारी दहाही बदलून टाकत होतो. बरोबर असलेलेबी.”

अनुसयाबाईंनी मला रागावल्यासारखं केलं नाही, समजावल्यासारखंही नाही. नुसतं आपलं ताट थोडं माझ्याकडे सरकवलं, कारण माझं रिकामं झालं होतं.

घरी आले आणि कपाटावरचा जाडा शब्दकोश काढला. निवृत्तीच्या समारंभात शाळेने दिलेला, तोवर फुलदाणीखाली होता. ट्राय हा शब्द मी आयुष्यात प्रथमच कोशात पाहिला, कारण एवढ्या सोप्या शब्दासाठी कोश कोण उघडतं? तिथे लिहिलं होतं की तो इंग्रजीत सातेकशे वर्षांपूर्वी जुन्या फ्रेंचमधून आला, आणि तिथे त्याचा अर्थ होता वेगळं काढणं, निवडणं, चाळून घेणं. त्याच्याही मागे लॅटिनमधला घासण्या-मळण्याचा शब्द असावा, पण त्याची विद्वानांना खात्री नाही. निवडण्यावरून तो शब्द पारखण्याकडे गेला. खरं-खोटं वेगळं करतात म्हणून न्यायालयात गेला. आगीत घालून मळ काढलेल्या सोन्याला लावला गेला, आणि वेळेला उपयोगी पडलेल्या मित्राला. प्रयत्न करणं हा अर्थ त्याला नंतर चिकटला, आणि तोच एवढा मोठा झाला की बाकीचे त्याच्या सावलीत गेले. मी चौतीस वर्षं मुलांना त्यातला शेवटचा अर्थ देत होते, आणि तोही अर्धाच.

दुसऱ्या दिवशी हे सगळं मी ओसरीवर सांगितलं. मला वाटलं होतं, अनुसयाबाईंना नवल वाटेल.

“म्हंजे त्याहिच्याकडे बी सूप होतं,” त्या म्हणाल्या.

“सूप नाही तर चाळणी असेल.”

“गोरे लोकं भात खाते काय?”

“गहू खातात जास्त.”

“मंग गव्हात खडे असनच.” त्यांच्या लेखी विषय तिथे संपला. ज्यांना खायला धान्य लागतं त्यांना निवडायला शब्द लागणारच, त्यात नवल कसलं? थोड्या वेळाने, ताटावरून डोळे न उचलता, त्यांनी विचारलं, “थे वही कोठं आहे?”

वही मी घरी नेली होती. रात्री जागून वगैरे नाही, सकाळी चहा घेऊन, लाल पेन घेऊन बसले आणि तीस वर्षांपूर्वीची ती दहा वाक्यं तपासली. एकेक शब्द. सहा वाक्यं बरोबर होती. दोन वाक्यांत एकेकच चूक. दोन मात्र खरोखर वाया गेलेली. बरोबर वाक्यांपुढे खूण केली, चुकलेल्या शब्दाखाली रेघ मारली आणि बाजूला योग्य शब्द लिहिला. खाली सहा गुण दिले आणि आजची तारीख घातली.

देवानंदने वही उभ्यानेच पाहिली. “सहा?” तो म्हणाला. पुन्हा मोजलं. “दहापैकी सहा? मॅडम, मंग मी एवढा गयागुजरा नव्हतो!”

“नव्हतासच.”

“आयकलं काय वो?” तो आत बायकोकडे ओरडला. आतून दुर्गेश्वरी म्हणाली, “आयकलं. आता उरलेल्या चारासाठी बसा ताटाले.” तो खरंच बसला. तोवर तो आमच्याबरोबर निवडायला बसत नसे. पाणी आणून द्यायचा, पोती हलवायचा, पण त्या ताटासमोर बसायची त्याला हिंमत होत नव्हती. त्या दिवसापासून रोज तासभर बसू लागला. हात जाडा, पण नजर चांगली निघाली. अनुसयाबाई त्याचा ढीग तपासून काही न बोलता मोठ्या ढिगात ओतत. हेच त्याचं प्रमाणपत्र.

लग्नाच्या चार दिवस आधी सव्वा पायली भरली. अनुसयाबाईंनी ती दोनदा पुन्हा ताटात पसरून पाहिली. तरी त्यांचं समाधान नव्हतं. त्यांनी मला एकटीला सांगितलं, “ठिपका कधी कधी घासून जाते, बाई. आन् कधी परक्यावर डाग पडते, थो ठिपक्यावानी दिसते. खरं काय थे ताटात नाही समजत. पऱ्हे आले का मंग समजते.” मायघरच्या धानाचं रोप वीतभर झालं की त्याचं बूड जांभळं दिसतं. सुखरामच्या धानाचं हिरवं. म्हणजे निकाल लागणार होता तो जुलैमध्ये, बिरसीत, नातीच्या सासरी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. आजीने दिलेलं बी भेसळीचं निघालं, तर मंजूच्या सासूने काय म्हणावं? आणि त्यापेक्षाही, मग तो धान कुठे शोधावा?

ओटी भरली. पांढऱ्या कापडात सव्वा पायली. मंजू तेव्हा रडली नाही. गाडीत बसताना मात्र गाठोडं मांडीवर ठेवून दोन्ही हातांनी असं धरलं होतं की नवऱ्याला बसायला जागा उरली नाही.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही दोघी बिरसीला गेलो. उतरलो तेव्हा डोक्यावर छोटी विमानं घिरट्या घालत होती. तिथे वैमानिक तयार करायची शाळा आहे. एक विमान खाली यायचं, चाकं टेकवायचं आणि न थांबताच पुन्हा वर जायचं. अनुसयाबाई कपाळावर हात धरून पाहत राहिल्या.

“हे काऊन उतरून उतरून वापस जाऊन राहिलं?” त्यांनी चंद्रकुमारला विचारलं.

“शिकून राहिले जी, आजी. उतरायचा ट्राय मारते.”

“कोनी सांगते काय त्याहिले कोठं चुकलं थे? का नुसतं ट्राय अगेन?”

“बाजूले शिकवनारा बसला असते ना. सारं सांगते.”

“आयका,” अनुसयाबाई माझ्याकडे न पाहता म्हणाल्या.

मंजूची सासू, शामकलाबाई, धुऱ्यावरच भेटल्या. भारदस्त बाई, पण डोळ्यांत खोडकरपणा. “तुमची नात तं भारीच आहे,” त्या म्हणाल्या. “माह्या स्वतःच्या बांधीत मले जाऊ देत नाही. म्हनते, आई, पदर झटका.”

“मंग झटकला काय?”

“झटकला बाप्पा. नाही तं जेवू देते काय?”

मंजू बांधीच्या कोपऱ्यात उभी होती, पोटरीपर्यंत चिखलात. पऱ्ह्यांचा एक वाफा तिने रोवणीआधी बाकीच्यांपासून वेगळा धरला होता, चारी बाजूंनी माती चढवून. वाफ्याच्या कडेला धुऱ्यावर उपटलेल्या रोपांची एक जुडी ठेवलेली. हिरव्या बुडाची. वाळून सुतासारखी झालेली. “एक्केचाळीस निघाले, आजी,” ती म्हणाली. “तुले दाखवाले ठेवले.”

अनुसयाबाईंनी ती जुडी हातात घेतली, बोटांनी चाळली, पुन्हा जागेवर ठेवली. मग साडी गुडघ्यापर्यंत खोचली, पदर झटकला आणि वाफ्याकाठी उकिडव्या बसल्या. रोपं दोन्ही हातांनी बाजूला सारून बूड पाहायचं, सोडायचं, पुढे सरकायचं. एका कडेपासून सुरुवात केली. आम्ही सगळे धुऱ्यावर उभे. शामकलाबाईंनी एकदा चहाचं विचारलं, मग त्याही वाकून पाहू लागल्या. वर विमान येऊन गेलं, पुन्हा आलं, पुन्हा गेलं. त्यांच्या हातांतून सुटणाऱ्या प्रत्येक रोपाचं बूड जांभळं होतं, पिकल्या जांभळासारखं. मी ते उभ्यानेही पाहू शकत होते, कारण माझेही डोळे त्या उन्हाळ्यात थोडे शिकले होते.

तिसऱ्या बाजूला, जिथे पाणी साचलं होतं, तिथे त्यांचा हात थांबला. त्यांनी एक रोप उपटलं, पाण्यात हलवून धुतलं आणि मंजूकडे धरलं. बूड हिरवं होतं.

मंजूचा चेहरा उतरला. “थो पान्याखाली होता, आजी.”

“दिसून नाही राहिला तं हात घालाव.”

“हो.”

अनुसयाबाईंनी ते रोप जुडीवर ठेवलं आणि उरलेली कड पाहायला लागल्या. आणखी काही निघालं नाही. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या, कमरेवर एक हात ठेवला आणि त्या जांभळ्या बुडांच्या वाफ्याकडे, मग नातीकडे पाहिलं. सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. शामकलाबाईसुद्धा.

“रोव,” त्या म्हणाल्या.